मोगऱ्याचा झोन

शिकागोजवळच्या उपनगरात आम्ही घर घेतलं, तेव्हा मला घरापेक्षा मागच्या अंगणाचंच कौतुक जास्त. पुण्याच्या फ्लॅटमध्ये चार कुंड्यांवर हौस भागवलेली. मे महिन्यात नर्सरीतून मोगऱ्याची तीन आणि जास्वंदीची दोन रोपं आणली. नवऱ्याने किंमत ऐकून भुवया उंचावल्या, तरी आणलीच आणि थेट जमिनीत लावली. उन्हाळाभर देवाला रोज ताजी फुलं! ऑक्टोबरातल्या एका सकाळी पाहते तर काय, सगळी पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट होऊन लोंबत होती. मी चक्क रडले हो.

फोनवर आई म्हणाली, ''अगं, काश्मीरचे ट्युलिप सोलापुरात लावशील का? मग मोगऱ्याचे हाल कशाला केलेस?''

शेजारच्या आजींनी मला रोपाला खोचलेली पट्टी वाचायला शिकवलं. त्यावर 'झोन'चा आकडा असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाचे १३ झोन केलेत. हिवाळ्यात दरवर्षी पारा किती खाली जातो, त्याच्या सरासरीवरून. २०२३ च्या नकाशात शिकागोचा बराचसा भाग ६ए मध्ये येतो, म्हणजे उणे २१ ते उणे २३ अंश सेल्सिअस! आकडा जितका लहान, तितकं झाड थंडीला काटक. आपला मोगरा ९ पासून पुढचा. तो बिचारा काय तग धरणार?

पण आकडा कळला म्हणजे सगळं कळलं, असं नाही. पुढच्या वर्षी मोठ्या निळ्या फुलांचं हायड्रेंजिया आणलं. पट्टीवर झोन ५, म्हणजे निर्धास्त. झाड जगलंही, पानं भरघोस. फूल मात्र दोन वर्षं एकही नाही! त्या जातीच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांदीवर तयार होतात आणि थंडीत त्याच गोठून जातात. मुळं जिवंत, म्हणून पानं येतात. शेवटी आजींच्या सांगण्यावरून पांढरं 'ॲनाबेल' लावलं. ते नव्या फुटव्यावर फुलतं आणि मूळचं इलिनॉयमधल्याच ॲना गावाकडचं. तेव्हापासून नर्सरीत माझा पहिला प्रश्न ठरलेला, ''जुन्या फांदीवर फुलतं की नव्या?''

तुमची लेक किंवा सून इथे असेल, तर तिला आणखी एक सांगा. कुंडी हिवाळ्यात बाहेर ठेवायची असेल, तर आपल्या झोनपेक्षा दोन आकडे काटक झाड घे. जमिनीतल्या मुळांना मातीचं पांघरूण असतं, कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी गारठा.

जास्वंदीची हौस मी काटक जातीवर भागवते. हिवाळ्यात ती जमिनीपर्यंत मरते आणि मे संपता संपता पुन्हा फुटते. उपटून टाकायची घाई करू नये. (मी एकदा केली!) पिओनीला तर थंडी हवीच, नाहीतर फुलत नाही. फक्त तिचे कोंब दोन इंचांपेक्षा खोल पुरायचे नाहीत.

मोगरा आता कुंडीत. सप्टेंबरात रात्री दहा अंशांच्या आसपास गेल्या की तो घरात, दक्षिणेच्या खिडकीत.

गेल्या जूनमध्ये आई आली होती. मी कौतुकाने पिओनीचं फूल देव्हाऱ्यात वाहिलं, तर अख्खा बाळकृष्ण झाकला गेला. ''त्याला श्वास घेऊ दे गं,'' म्हणत आईने ते उचलून फुलदाणीत ठेवलं आणि मोगऱ्याच्या कुंडीकडे वळली. पाच कळ्या होत्या.