तानपुऱ्याच्या मागे पंख्याची घरघर नको!

सम गाठल्यावर मागे उरणारी तानपुऱ्याची आस ऐकायची असेल, तर घरच्या म्युझिक सर्व्हरमध्ये पंखा नकोच. गाणी पुरवायला दांडगा प्रोसेसर लागत नाही. इंटेलचा एन१०० भरपूर झाला. त्याचा टीडीपी फक्त ६ वॅट, त्यामुळे ॲल्युमिनियमची पन्हळीदार केसच उष्णता बाहेर टाकते. हात लावला तर कोमट लागते, आवाज अजिबात नाही.

फिरती हार्ड डिस्क मात्र टाळाच, लाकडी शेल्फवर तिची थरथर घुमते. एसएसडी घ्या. सीडीचा एक तास फ्लॅकमध्ये साधारण ३०० ते ४०० एमबी होतो, म्हणजे १ टीबीत अडीच हजार तास आरामात मावतात. रॅम ८ जीबी, बास. वाचलेले पैसे चांगल्या डॅकमध्ये घाला! जुनी हार्ड डिस्क बॅकअपसाठी कपाटात ठेवा, महिन्यातून एकदा जोडायची.