पर्यावरण सांभाळायचं, पण भांडी कोण घासणार?

मुलांनो, तुमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक फुगलेली पिशवी नक्की टांगलेली असेल. तिच्यात काय असतं? पिशव्याच! साडीच्या दुकानातली, मिठाईवाल्याची, कुणाच्या तरी मुंजीत मिळालेली, कुठल्याशा कार्यक्रमात वाटलेली. आज ती पिशवी खाली उतरवा आणि मोजदाद करा. त्यात कापडी किती? आणि गेल्या महिन्यात त्यातल्या किती बाजारात जाऊन आल्या? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आईला विचारावं लागेल, कारण बाजारात बहुतेक तीच जाते.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशव्यांची एकदम चलती झाली. चांगलंच झालं. पण कापडी पिशवी काही आकाशातून पडत नाही. ती कापसाची असते, आणि कापसाला पाणी लागतं. जगभरातली सरासरी काढली तर एक किलो कापसाच्या कापडामागे सुमारे १० हजार लिटर पाणी धरतात. त्यात पावसाचं पाणीही आलं, बरं का. म्हणजे शंभर ग्रॅमच्या साध्या पिशवीमागे हजार लिटर, २० लिटरच्या पन्नास बादल्या! याशिवाय खतं, फवारणी, गिरणीतली वीज, रंग हे सगळं वेगळंच.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये याचा हिशेब प्रसिद्ध केला होता. हवामानावरचा परिणाम एवढाच धरला, तर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी व्हायला सुती पिशवी निदान ५२ वेळा वापरायला हवी. बाकीचे सगळे परिणाम धरले तर आकडा ७१०० वर जातो. आठवड्यातून एकदा बाजाराला जाणाऱ्या घरात ५२ वेळा म्हणजे एक वर्ष. ते सहज जमेल. ७१०० वेळा मात्र पणतवंडांपर्यंत पिशवी पुरवावी लागेल!

मग प्लॅस्टिकच बरं म्हणायचं का? थांबा. त्या हिशेबात एक गोष्ट धरलेलीच नव्हती. फेकलेली पिशवी पुढे कुठे जाते, ही. आपल्याकडे ती गटारात जाते, उकिरड्यावर जाते, गाईच्या पोटात जाते. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, तेव्हा तुंबलेल्या गटारांत आणि नाल्यांत या पिशव्या होत्याच. डेन्मार्कमधली गाय उकिरड्यावर चरत नाही, आपली चरते. म्हणून माझं मत कापडी पिशवीच्याच बाजूने आहे, पण नव्या नव्हे. आजीच्या जुन्या लुगड्याची किंवा बाबांच्या विटलेल्या पँटची शिवून घ्या. त्या कापडाचं पाणी केव्हाच खर्च झालेलं आहे.

घरात 'हिरवं' काही करायला गेलं की असंच होतं. एका जागी वाचतं आणि दुसऱ्या जागी काहीतरी मोजावं लागतं. कधी पाणी, कधी पैसे, कधी कुणाचा तरी वेळ. दुकानात 'इकोफ्रेंडली' असं लिहिलेल्या पाटीखाली हा भाग लिहिलेला नसतो. घरात दोन धड बाटल्या असताना तिसरी स्टीलची घेणं, म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली केलेली खरेदीच.

काही प्रश्न अर्थात सोपे असतात. ६० वॉटचा जुना पिवळा दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याला ९ युनिट वीज खातो. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. इथे फार डोकं खाजवू नका. जुना दिवा चालू असला तरी काढून टाका.

चुलीचं तसं नाही. "पूर्वीचे लोक कसे निसर्गाला धरून राहायचे, चुलीवरची भाकरी खायचे!" असं कुणी म्हणालं, की मला त्या भाकरीमागची बाई दिसते. डोळे चोळणारी, खोकणारी. लाकूड पुन्हा उगवतं आणि गॅस जमिनीखालच्या तेलाबरोबर संपत जाणारा, हे खरंच आहे. पण चुलीचा धूर आधी तिच्या छातीत जातो, शेजारी झोळीत झोपवलेल्या बाळाच्या छातीत जातो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि पुष्कळ घरांत गॅस पोचला. तरी सिलिंडर संपला आणि पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, हे गावाकडच्या मुलांना मी सांगायला नको. चव म्हणून कधीतरी चुलीवरचं जरूर खा. रोजच्या रोज मात्र आईने धुरात बसावं, असं कुठल्या पर्यावरणासाठी म्हणायचं? गॅस वाचवायचाय ना? मग डाळ अर्धा-पाऊण तास भिजत घाला आणि कुकरला लावा. पातेल्यावर झाकण ठेवा. एवढ्यानेही फरक पडतो.

आता भांड्यांकडे येऊ. या प्रश्नाने आमच्या वर्गाला दोन आठवडे पुरून उरलं.

आमची शाळा माणदेशात आहे. इथे उन्हाळा लागला की टँकरची वाट बघणं हा गावाचा दिनक्रम. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पालकांना चहा द्यायचा होता. दरवर्षी कागदी कप आणतात. चौथीतल्या एका मुलाने हात वर केला आणि म्हणाला, "बाई, कागदी कपाला आतून प्लॅस्टिक असतं. माझ्या मामाने सांगितलं." मामाचं बरोबर होतं. नुसत्या कागदात चहा टिकला नसता, म्हणून आत प्लॅस्टिकचा पातळ थर देतात. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये तपासलं, तेव्हा अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार अतिसूक्ष्म कण उतरले होते. शिवाय कागद आणि प्लॅस्टिक असे चिकटलेले, की हा कप ना धड कुजतो, ना रद्दीवाला घेतो.

झालं! सगळा वर्ग एका सुरात, "स्टीलचे पेले! स्टीलचे पेले!"

मी फळ्यावर लिहिलं, 'दोनशे पेले. पाणी किती? घासणार कोण?'

वर्ग गप्प. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "मावशींनाच घासावे लागतील." शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आधीच सकाळपासून राबत असतात. कुणीतरी तोडगा काढला, की प्रत्येकाने आपापल्या घरून पेले आणावेत. त्यावर तीच मुलगी म्हणाली, "मग घरी आईला घासावे लागतील. तेच झालं ना?"

पालकांनो, या मुलीचं बोलणं जरा मनावर घ्या. पर्यावरणाचे आपण घरात जे जे नियम करतो, त्यातले बहुतेक एकाच माणसाच्या हातून पार पडतात. कचरा वेगळा करायचा, खताचा डबा ढवळायचा, पिशव्या धुवायच्या, बाळाची सुती दुपटी धुवायची, तीही आईने. बाबा पेपरात लेख वाचून दाखवतात. (माझ्या घरीसुद्धा वेगळं चित्र नव्हतं. आता जरा बदललंय.)

तर आम्ही आधी पाणी मोजलं. नळ सोडून त्याखाली बादली ठेवली आणि घड्याळ लावलं. मग दोन रीतींनी सोळा-सोळा पेले घासून पाहिले. एकदा वाहत्या नळाखाली. दुसऱ्यांदा राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासून एका घमेल्यात विसळायचे, मग दुसऱ्या घमेल्यातल्या स्वच्छ पाण्यातून काढायचे. पहिल्या रीतीला लागलेलं पाणी पाहून मुलांनी डोळेच विस्फारले. दुसऱ्या रीतीने दीड बादलीत काम झालं, आणि साबण नसल्यामुळे ते पाणी शाळेच्या परसबागेतल्या वांग्यांना घालता आलं. हा प्रयोग घरी करून बघा. तुमच्या नळाची धार आमच्यापेक्षा मोठी असेल, तर आकडाही मोठा येईल.

घासण्यासाठी पाळ्या लावल्या. यादीत मुलं-मुली सारख्याच. पाळीचा कागद दारावर चिकटवला त्याच संध्याकाळी एक पालक शाळेत आले. "बाई, पोराला भांडी घासायला लावता?" त्यांचा आवाज जरा चढलाच होता. मी काही बोलायच्या आत त्यांचा मुलगाच पुढे झाला. "बाबा, मला दीड बादलीत सोळा पेले येतात. तुम्हाला येतात का?" ते हसले आणि गेले. पटलं की नाही कोण जाणे, पण संमेलनाच्या दिवशी रिकामा पेला त्यांनी स्वतः घमेल्यापाशी आणून ठेवला.

यंदा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण चहाबरोबर जेवणही आहे. ताटं तेलकट होतात, राखेने दोन पाण्यांत निघतील असं वाटत नाही. पळसाच्या पानांची, बारीक काड्यांनी टाचलेली पत्रावळ मिळाली तर उकिरड्यात तिचं खत होईल. पण आता बाजारात येणाऱ्या कितीतरी पत्रावळींना खालून चकचकीत प्लॅस्टिक लावलेलं असतं, आणि टाचणाऱ्या म्हाताऱ्या बाया आमच्या गावात दोघीच उरल्यात. त्या दोनशे पत्रावळी करून देतील का, आणि किती पैसे घेतील, हे विचारायला पाचवीची मुलं शनिवारी जाणार आहेत. टँकर कधी येणार, तेही त्याच दिवशी कळेल.