विजेची उसळी आणि शेतातील नियंत्रक : इलेक्ट्रॉनिक सिटीच्या कारखान्यांतील शिस्त शिवारात

बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर मार्गावर, कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात आज इलेक्ट्रॉनिक सिटी उभी आहे. कर्नाटक शासनाने 1976 मध्ये ‘केओनिक्स’ या महामंडळाची स्थापना केली. त्याचे पहिले अध्यक्ष आर. के. बालिगा यांच्या कल्पनेतून 332 एकरांवर ही वसाहत आकारास आली. जेथे पूर्वी शेती होती, तेथे इलेक्ट्रॉनिक उद्योग आला. आता उलट दिशेचा प्रवास सुरू आहे. कारखान्यातील यंत्रे चालविणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठिबक सिंचन, खतमात्रा देणारे संच, हरितगृहे, शीतगृहे आणि सौर कृषिपंप यांच्या रूपाने शिवारात पोहोचले आहेत.

यंत्र शेतात आले, परंतु त्याच्या संरक्षणाची शिस्त मात्र सर्वत्र आलेली नाही. जुन्या स्टार्टरमधील तांब्याचे वेटोळे काही क्षणांचा वाढीव दाब सहन करीत असे. नियंत्रकातील सूक्ष्म परिपथ 3.3 किंवा 5 व्होल्टवर चालतात. त्यांना काही मायक्रोसेकंदांची उसळीही पुरेशी घातक ठरते. फुलोऱ्याच्या काळात नियंत्रक बंद पडला, तर उपकरणाच्या किमतीपेक्षा चुकलेल्या पाळ्यांचे नुकसान मोठे असते.

उसळी कोठून येते?

विजेची उसळी, म्हणजेच ‘सर्ज’, प्रामुख्याने दोन मार्गांनी निर्माण होते. पहिला मार्ग आकाशातील विजेचा. वीज थेट पंपगृहावर पडली नाही, तरी जवळच पडलेल्या विजेच्या चुंबकीय प्रभावाने लांब तारांमध्ये मोठा दाब उत्पन्न होतो. दुसरा मार्ग वाहिनीतील घडामोडींचा. मोठ्या मोटारी किंवा कपॅसिटर चालू-बंद होताना, तसेच खंडित पुरवठा पूर्ववत होताना अशा उसळ्या येतात.

बेंगळुरू परिसर आणि महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणी वळवाच्या व परतीच्या पावसात गडगडाटी वादळे होतात. त्यामुळे कारखान्यातील अभियंता आणि शेतकरी यांच्यापुढील धोका मुळात एकच आहे.

संरक्षक उपकरणाचे कार्य

उसळीपासून बचाव करणारे उपकरण ‘एसपीडी’ या नावाने ओळखले जाते. त्यातील झिंक ऑक्साइडचा घटक नेहमीच्या दाबास जवळजवळ विद्युतरोधक असतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच तो क्षणार्धात वाहक बनतो आणि उसळीचा प्रवाह अर्थिंगकडे वळवितो. इमारतीवर तडितरक्षक असल्यास मुख्य प्रवेशापाशी टाइप 1, वितरण पेटीत टाइप 2 आणि नाजूक उपकरणाजवळ टाइप 3, अशी टप्प्याटप्प्याची रचना उद्योगांत केली जाते. सौर पॅनेलच्या बाजूस डीसी प्रवाहासाठीचेच एसपीडी लागते. तेथे एसी प्रवाहाचे उपकरण वापरल्यास आग लागण्याचा धोका असतो.

तीन नेहमीच्या चुका

पहिली चूक लांब तारेची. एक मीटर तारेचे प्रेरकत्व साधारण एक मायक्रोहेन्री असते. प्रवाह दर मायक्रोसेकंदास एक हजार अँपिअर वेगाने वाढल्यास त्या एका मीटरवरच सुमारे 1000 व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. म्हणून एसपीडी पेटीच्या कोपऱ्यात बसवून दोन मीटर तार गुंडाळून ठेवल्यास उपकरण उत्तम असूनही उपयोग होत नाही. एसपीडीला जोडणाऱ्या तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत, सरळ व वेटोळेविरहित असावी. टाइप 2 साठी अर्थिंगची तांब्याची तार किमान 6 चौरस मिलिमीटरची घ्यावी.

दुसरी चूक वेगळ्या अर्थिंगची. ‘नियंत्रकाला स्वतंत्र, स्वच्छ अर्थिंग हवे’ असा समज प्रचलित आहे. वीज जवळ पडते तेव्हा दोन निरनिराळ्या अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो आणि तो फरक नियंत्रकाच्या आतूनच वाट काढतो. पंप, पेटी, नियंत्रक आणि पॅनेलचा सांगाडा यांची अर्थिंगे एकमेकांस जोडून समान पातळीवर आणणे, हाच औद्योगिक सुरक्षेचा गाभा आहे. अर्थिंगविषयीचे भारतीय मानक आयएस 3043 याच तत्त्वास धरून आहे.

तिसरी चूक संवेदकाच्या तारेकडे दुर्लक्ष करण्याची. वीजपुरवठ्यावर एसपीडी बसविले जाते. परंतु दोनशे मीटर दूरच्या ओलावा-संवेदकाची किंवा व्हॉल्व्हची तार मोकळीच राहते आणि उसळी मागच्या दाराने आत शिरते. अशा तारांसाठी संदेशवाहिनीचे स्वतंत्र एसपीडी बसवावे. शक्य तेथे बिनतारी जोडणी निवडावी.

एसपीडीच्या मर्यादा

न्यूट्रल तुटल्यास सिंगल फेजवरील उपकरणास 230 ऐवजी 400 व्होल्टच्या आसपास दाब मिळू शकतो. हा दाब क्षणिक नसतो. तो एसपीडी रोखू शकत नाही, उलट त्यात एसपीडी स्वतःच जळते. त्यासाठी जादा व कमी दाबाचा रिले आवश्यक आहे. एसपीडीच्या आधी उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूजही असावा.

एसपीडी मनुष्यास विजेच्या धक्क्यापासून वाचवीत नाही, हेही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. त्याकरिता सुस्थितीतील अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. पंप आपोआप सुरू करणारा ‘ऑटो’ जोडलेला असेल, तर पुरवठा खंडित असतानाही मुख्य स्विच बंद केल्याविना मोटारीस हात लावू नये.

हंगामापूर्वीची तपासणी

वळवाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी अधिकृत विद्युत ठेकेदाराकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा, गंजलेले सांधे बदलावेत आणि एसपीडीची खिडकी पाहावी. बहुतेक उपकरणांत हिरवा रंग सुस्थिती दर्शवितो. तो लाल झाल्यास आतील घटक निकामी झाला, असे समजून तो बदलावा. एसपीडी निकामी झाल्यावरही पंप चालूच राहतो. त्यामुळे ही पाहणी प्रत्येक मोठ्या वादळानंतर करणे इष्ट.

वादळाची पूर्वसूचना देणारी साधने उपलब्ध आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे उपयोजन विजेच्या शक्यतेचा इशारा देते. कर्नाटकात त्याच हेतूने ‘सिडिलु’ हे उपयोजन वापरले जाते. इशारा मिळताच, आकाश गडगडण्यापूर्वीच, मुख्य स्विच बंद करावा. वादळ सुरू झाल्यावर मात्र पेटीजवळ जाऊ नये आणि झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत आश्रय घ्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी नियंत्रकाचे प्रात्यक्षिक दाखविताना त्याच्या पेटीचे झाकण उघडून अर्थिंगची तारही दाखवावी. नियंत्रकाच्या अंदाजपत्रकात अर्थिंग व एसपीडी यांची नोंद पहिल्या दिवसापासून असेल, तर यंत्र टिकेल, पिकाची पाळी चुकणार नाही आणि पेटीशी काम करणारा माणूसही सुरक्षित राहील.