राजूरची चतुर्थी आणि चंद्राची चाल

जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातलं राजूर हे राजुरेश्वर गणपतीचं गाव. संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी होते आणि राजूरच्या रस्त्यांना पायी निघालेल्या भाविकांची रीघ लागते. उपास सुटतो चंद्रदर्शनानंतर. पण पंचांग उघडून पाहा: एखादी चतुर्थी 20-21 तासांत उरकते, एखादी 26 तासांवर जाते. असं का?

चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची कक्षा मात्र लंबवर्तुळाकार. पृथ्वीजवळ येतो तेव्हा तो सुमारे 3,63,000 किलोमीटरवर असतो, दूर जातो तेव्हा 4,05,000 किलोमीटरवर. जवळ असताना तो दिवसाला 15 अंशांच्या आसपास धावतो, दूर असताना 12 अंशसुद्धा पुरे करत नाही. म्हणून तिथी आखूड किंवा लांब होते, कधी तिचा क्षय होतो तर कधी वृद्धी.

चंद्राला जवळ येताच घाई का होते? पृथ्वीची ओढ चंद्राला सरळ तिच्याकडे खेचते. दार बिजागरीच्या दिशेने कितीही दाबलं तरी फिरत नाही. तशी ही ओढही चंद्राच्या फिरण्यात भर घालत नाही की घट करत नाही. त्यामुळे वस्तुमान, अंतर आणि आडवा वेग यांचा गुणाकार, म्हणजे कोनीय संवेग, कायम राहतो. अंतर घटलं की वेग वाढलाच पाहिजे. ग्रहांबाबत हेच केप्लरने 1609 मध्ये समान क्षेत्रफळांच्या नियमात मांडलं आणि न्यूटनने 1687 मध्ये त्याचं कारण दिलं. आपल्याकडे भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाची क्षणाक्षणाला बदलणारी ‘तात्कालिक गती’ काढली होती. कारण हाती नसताना गणित इतकं नेमकं बसवणं मला फार थोर वाटतं.

खरं तर ही ओढ अगदी सरळही नाही. भरतीमुळे पृथ्वीला आलेला फुगवटा तिच्या फिरण्याबरोबर चंद्राच्या किंचित पुढे जातो आणि चंद्राला थोडं पुढे ओढतो. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं त्यामुळे मंदावतं. तिने गमावलेला कोनीय संवेग चंद्राच्या कक्षेत जमा होतो आणि कक्षा मोठी होत जाते. 1969 पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर टाकून हे मोजलं आहे: चंद्र दरवर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर जातो आहे.