शहराला केंद्रे किती?

मुंबईचा नकाशा समोर घ्या. दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली एक लांबट भूपट्टी तुम्हाला दिसेल. तिच्या दक्षिण टोकाजवळ फोर्ट विभाग आहे. बंदर तेथे होते, म्हणून पेढ्या, कचेऱ्या आणि न्यायालयेही तेथेच आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. पुढे वस्ती रुळांच्या कडेने उत्तरेकडे सरकत गेली. कामाची जागा मात्र टोकालाच राहिली. म्हणून सकाळी दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या खच्चून भरत आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या.

आता एक सोपे गणित करू. समजा, एक शहर ४० किलोमीटर लांबीच्या सरळ पट्टीसारखे आहे आणि त्यात वस्ती सगळीकडे सारखी आहे. सर्वांचे काम एका टोकाला असेल, तर कोणाला ० किलोमीटर जावे लागेल, तर कोणाला ४०. सरासरी २० किलोमीटर. केंद्र मध्यावर आणले, तर सरासरी १० वर येईल. आणि एका टोकापासून १० व ३० किलोमीटरवर अशी दोन केंद्रे केली, तर? प्रत्येकाने जवळचे केंद्र निवडल्यास सरासरी अवघी ५ किलोमीटर!

शहरे वाढली की अशी केंद्रे आपोआपही निर्माण होतात. चॉन्सी हॅरिस आणि एडवर्ड उलमन या अमेरिकन भूगोलतज्ज्ञांनी १९४५ साली याची कारणे मांडली. काही व्यवसायांना विशिष्ट जागा लागते. काहींना एकमेकांचा शेजार हवा असतो. काहींना तो नको असतो. आणि काहींना मध्यवर्ती जागेचे भाडे परवडत नाही.

पण आपोआप होण्याची वाट किती पाहायची? चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली सुचवले, की खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. १९७० साली त्यासाठी सिडको ही संस्था स्थापन झाली. नवी मुंबईची आखणीच वाशी, नेरूळ, बेलापूर अशा अनेक केंद्रांची करण्यात आली. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार वाशीला हलला. परंतु मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या. वाशीला लोकल पोहोचली ती १९९२ साली! नव्या शहरात घरे झाली, पण कितीतरी रहिवाशांना कामासाठी खाडी ओलांडावीच लागे.

येथेच आपल्या गणितातली मेख आहे. प्रत्येक जण जवळच्या केंद्रात जाईल, असे आपण गृहीत धरले होते. प्रत्यक्षात घर एकीकडे आणि नोकरी मिळते दुसरीकडे. आईची कचेरी एका केंद्रात, बाबांची दुसऱ्या. समजा, कोणाला कोणत्या केंद्रात काम मिळेल याचा काहीच नेम नाही. १० किलोमीटरवरच्या केंद्राचा विचार करा. त्याच्या एका बाजूला १० किलोमीटरच्या पट्ट्यात एक चतुर्थांश लोक राहतात. त्यांची सरासरी ५. दुसऱ्या बाजूला ३० किलोमीटरच्या पट्ट्यात तीन चतुर्थांश लोक; त्यांची सरासरी १५. सगळे मिळून सरासरी येते १२.५ किलोमीटर. दुसऱ्या केंद्राचेही उत्तर तेच. म्हणजे मध्यावरच्या एकाच केंद्रापेक्षा ही दोन केंद्रे महाग पडली!

म्हणून केवळ इमारती उभारून नगररचनाकाराचे काम संपत नाही. कामाजवळ परवडणारी घरे हवीत आणि केंद्रांना एकमेकांशी जोडणारी वाहने हवीत. मिठी नदीकाठच्या दलदलीच्या जागेवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. बँका आल्या, राष्ट्रीय शेअर बाजार आला, हिऱ्यांचा बाजार आला. पण एक स्टेशन वांद्र्याला, दुसरे कुर्ल्याला आणि संकुल मधोमध! तेथे भुयारी मेट्रो पोहोचली ती २०२४ साली.

आता तुम्हीही एक प्रयोग करा. तुमच्या वर्गातील मुलांच्या घरातली मोठी माणसे कामासाठी किती किलोमीटर जातात, ते विचारा आणि सरासरी काढा. मग प्रत्येकाने आपल्या घराजवळच्या बाजारपेठेत किंवा कारखान्यात काम केले असते, तर ती किती आली असती, तेही काढा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे ही माणसे कामासाठी करत असलेला जास्तीचा प्रवास. तो कमी कसा करता येईल, हे मात्र तुम्हीच सुचवा.