गाडी उलाळ की धुरजड? ट्रेलरचा हिच घेण्याआधी

या एपिसोडमध्ये आकडे जरा जास्त आहेत, आणि एसटीत इयरफोन घालून ऐकताना आकडे काही डोक्यात राहत नाहीत. म्हणून हा लेखी अवतार, थोडी साफसफाई करून.

प्रश्न माझ्या आतेभावाचा आहे. दादा टेक्सासला असतो. त्याला ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचाय, म्हणजे झोपायची-जेवायची सोय असलेली चाकांवरची खोली, आपल्या गाडीमागे जोडून ओढायची. मे महिन्यात आत्या आणि काका तिकडे जाणार आहेत. दादा, वहिनी, दोन मुलं आणि हे दोघं, असे सहा जण एकाच गाडीतून हिंडणार. दुकानदाराने सांगितलं की ‘वेट डिस्ट्रिब्यूशन हिच’ लागेल, आणि तीन किमतींचे तीन हिच समोर ठेवले. दादाची व्हॉइस नोट आली, "अरे, यातला कुठला घेऊ?"

आता अलोरे गावात बसून टेक्सासच्या हिचवर मी काय बोलणार? पण हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. बैलगाडीवाल्यांनी त्याला दोन फक्कड शब्द दिलेत. गाडीत माल आखाच्या मागे जास्त भरला की मागची बाजू खाली बसते आणि जू वर उचललं जातं. ती गाडी ‘उलाळ’. माल पुढे जास्त झाला की सगळा भार जुवातून बैलांच्या मानेवर येतो. ती ‘धुरजड’. चांगला गाडीवान माल भरतानाच हे साधतो, जू किंचित जड ठेवतो, पण मान मोडेल इतकं नाही.

ट्रेलरचं तेच. आख म्हणजे ट्रेलरचा अ‍ॅक्सल, जू म्हणजे गाडीमागचा हिचचा गोळा, आणि बैल म्हणजे तुमची गाडी. त्या गोळ्यावर येणाऱ्या भाराला ‘टंग वेट’ म्हणतात. अमेरिकेत अशा ट्रेलरसाठी भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के टंग वेट ठेवा असं सांगतात. त्याहून कमी म्हणजे गाडी उलाळ. मग हायवेवर वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही बरोबर नेऊ शकतो.

बरं, १२ टक्के ठेवलं. ट्रेलर भरून २५०० किलो, म्हणजे गोळ्यावर ३०० किलो. प्रश्न मिटला? नाही, आता गाडी धुरजड झाली. हा गोळा मागच्या चाकांच्याही मागे असतो. समजा तो मागच्या अ‍ॅक्सलपासून १.२ मीटर मागे आहे आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ३ मीटर अंतर आहे. मागचा अ‍ॅक्सल हा सी-सॉचा मधला टेकू धरा. ३०० गुणिले १.२ भागिले ३, म्हणजे १२० किलो. एवढा भार पुढच्या चाकांवरून उचलला जातो, आणि मागच्या चाकांवर ३०० नाही, ४२० किलो वाढतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांत, ब्रेकिंगचा मोठा वाटाही पुढच्या चाकांचा, आणि नेमकी तीच हलकी. वर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजूला गेलात की उसाच्या हंगामात ट्रॅक्टर बघा. दोन चाकांची ट्रॉली आपला थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर टाकते, आणि चढाला पुढची चाकं हलकी होतात. म्हणून ट्रॅक्टरच्या नाकाला लोखंडी वजनं अडकवलेली असतात. चार चाकांची ट्रॉली स्वतःच्या पायावर उभी असते, ती हुकावर जवळजवळ काहीच टाकत नाही.

आणखी एक उपाय आपल्याच भागातला. २०२२ मध्ये इस्लामपूरजवळच्या राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी ‘सारथी’ नावाचा प्रोजेक्ट केला. उसाच्या बैलगाडीला पुढे, दोन बैलांच्या मध्ये एक जादा चाक लावलं. मानेवरचा भार त्या चाकातून थेट जमिनीत. फोटो तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल. मला तो प्रोजेक्ट आवडतो, कारण त्यात लपवाछपवी नाही. भार कुठून निघाला आणि कुठे गेला ते डोळ्यांना दिसतं.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचमध्ये असं नवीन चाक नसतं. हिचच्या डोक्यातून दोन पोलादी स्प्रिंग बार मागे, ट्रेलरच्या पुढच्या दांड्यांखाली जातात. त्यांची मागची टोकं साखळीने किंवा कंसाने वर ताणून ठेवतात. गाडी आणि ट्रेलर सांध्यात खाली वाकायला बघतात, हे बार त्या सांध्याला उलटा पीळ देतात. वरच्या उदाहरणात गोळ्यापासून ट्रेलरचा अ‍ॅक्सल ५ मीटरवर धरू. पुढच्या चाकांवर गेलेल्या १२० पैकी निम्मे, ६० किलो परत आणायचे तर साधारण १४५ किलो-मीटरचा पीळ लागतो. त्याने ट्रेलरच्या चाकांवर २९ किलो जातात, आणि मागच्या चाकांवरचे ८९ कमी होतात. मागे उरले ३३१, पुढे वजा ६०, ट्रेलरवर अधिक २९. बेरीज करा, बरोबर ३०० येते. माझ्या लाइनमधले लोक ओळखतील, हा लोड बॅलन्सर आहे. काम कमी होत नाही, फक्त वाटलं जातं.

म्हणून मी दादाला हिचचं मॉडेल सांगायच्या आधी म्हटलं, "दादा, ड्रायव्हरचा दरवाजा उघड आणि तिथल्या स्टिकरचा फोटो पाठव." त्या स्टिकरवर गाडीत माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. आकडे गोल करून सांगतो. मर्यादा ७०० किलो. सहा माणसं ४०० किलो, बॅगा ६०, हिच स्वतः ४५, आणि टंग वेट ३००, कारण तेही गाडीवरच बसतं. झाले ८०५. हिचने २९ किलो ट्रेलरकडे ढकलले तरी ७७६. तिन्हीपैकी सगळ्यात महागडा हिच घेतला तरी हाच आकडा. दुकानदाराने हे गणित मांडलंच नव्हतं. त्याने ‘ही गाडी इतके हजार पाउंड ओढते’ एवढंच दाखवलं होतं. ओढणं वेगळं, पाठीवर घेणं वेगळं.

दादा थोडा नाराज झाला, पण आता १६०० किलोचा ट्रेलर बघतोय. त्याचं टंग वेट १२ टक्क्यांनी १९२ किलो, म्हणजे एकूण ६९७. काठावर आहे, पण आत आहे. बॅगा ट्रेलरमध्ये टाकल्या तर अजून सुटेल, फक्त त्या ट्रेलरच्या नाकाशी ठेवल्या तर टंग वेट वाढून त्यातले थोडे किलो परत येतील.

मग हिच निवडायचा कसा? आधी गाडीचं मॅन्युअल वाचा. काही गाड्यांना हा हिच लावूच नका असं कंपनी सांगते, काही पुढचा भार निम्मा परत आणा म्हणतात, काही पूर्ण. इथे मॅन्युअलचं ऐकायचं, यूट्यूबचं नाही. गाडीखालच्या रिसीव्हरवरही स्टिकर असतो. त्यावर साधा बॉल लावला तर किती आणि हा हिच लावला तर किती, असे दोन वेगळे आकडे असतात.

बारची ताकद ठरवताना ब्रोशरमधलं टंग वेट धरू नका, ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. गॅस सिलिंडर आणि बॅटरी बहुतेक ट्रेलरच्या नाकावरच बसतात, पाण्याची टाकी कुठे आहे त्यावरही फरक पडतो. भरून मोजा. त्यात गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमागे ठेवलेलं सामान मिळवा. दादाचे १९२ आणि डिकीतले ४० धरले तर २३२ किलो, म्हणजे साधारण ५१० पाउंड. ६०० पाउंडांचे बार पुरे. ‘असू दे जास्तीचं’ म्हणून १२०० चे घेऊ नका. ते इतके ताठ असतात की प्रत्येक खड्ड्याचा धक्का ट्रेलरच्या सांगाड्याला बसतो. आपण कापड घेतो तसा वाढता माप इथे चालत नाही.

साखळीवाले हिच स्वस्त असतात, पण ट्रेलरचं डोलणं रोखायला वेगळं घर्षण-यंत्र लागतं. कंसावर बार घासत सरकतात त्या प्रकारात ते घर्षण आतच असतं. वळणावर करकर आवाज येतो, तो चालतो. माझं मत विचाराल तर घरची माणसं बसणार असतील तर दुसरा घ्यावा. मात्र ट्रेलर उलाळ भरला असेल तर कुठलाच हिच वाचवणार नाही. आधी माल पुढे सरकवा.

लावल्यावर मोजायला टेप पुरतो. पुढच्या चाकावरच्या मडगार्डची उंची ट्रेलरशिवाय समजा ९० सेंटीमीटर, नुसता ट्रेलर जोडल्यावर ९४. मॅन्युअल निम्मं सांगत असेल तर बार ताणल्यावर ९२ यायला हवी. तिकडच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटेही असतात. गाडी एकटी, ट्रेलरसह, आणि बार लावून, असं तीनदा वजन करून घ्या.

बार चढवताना-उतरवताना ट्रेलरचा जॅक वर घेऊन आधी ताण काढा, मगच हात लावा. ताणलेला बार सुटला तर हाड मोडतो. आणि चालत्या गाडीत ट्रेलर डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ट्रेलरच्या ब्रेकचा जो वेगळा कंट्रोलर डॅशबोर्डवर असतो तो हाताने दाबायचा. तो कंट्रोलर कुठे आहे हे वहिनींनाही माहीत असू दे, म्हटलं दादाला.