‘ओ’च्या आड दडलेला मुंबईचा रक्तगट

१९५२ साली लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटा निबंध छापून आला. मुंबईत तीन माणसं अशी सापडली होती की, नेहमीच्या तपासणीत त्यांच्या तांबड्या पेशी ‘ओ’ गटाच्या ठरत. पण त्यांच्या रक्तद्रवात दुसऱ्या कुणाच्या ‘ओ’ पेशी मिसळल्या की त्या एकमेकींना चिकटून गोळा होत. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया हे मुंबईचे लेखक. सोबत लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स. ‘ओ’च्या पेशी कुणालाही चालतात, हा तोवर रूढ झालेला समज या तिघांच्या रक्ताने खोटा पाडला.

रक्तगट ठरतो तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेने. तिथे शर्करांच्या बारीक साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची शर्करा जोडली गेली की ‘एच’ हा प्रतिजन तयार होतो. हा झाला पाया. त्यावर एक विशिष्ट शर्करा चढली तर ‘ए’, दुसरी चढली तर ‘बी’, दोन्ही असल्या तर ‘एबी’. काहीच न चढता पाया तसाच राहिला तर ‘ओ’. मुंबईच्या त्या तिघांत फ्यूकोज जोडणारं विकरच काम करत नव्हतं. पायाच नाही, तर मजला कशावर उभा राहणार? अशा माणसाने आईवडिलांकडून ‘ए’ किंवा ‘बी’चं जनुक घेतलेलं असलं, तरी पेशीवर ते दिसत नाही.

जे आपल्या पेशींवर नाही, त्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं. म्हणून या लोकांच्या रक्तात ‘ए’, ‘बी’ आणि ‘एच’ या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडं असतात, आणि त्यांना तांबड्या पेशी चालतात त्या फक्त आपल्यासारख्यांच्याच.

चूक झाली तर वेळ किती मिळतो? प्रौढ शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं, आणि विश्रांतीत हृदय मिनिटाला जवळपास तेवढंच रक्त पुढे लोटतं. शिरेत सोडलेलं परकं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसांत आणि तिथून डाव्या बाजूने सर्वांगात पोहोचायला फारसा अवकाश लागत नाही. एरवी जवळपास १२० दिवस जगणाऱ्या पेशी प्रतिपिंडांच्या माऱ्याने रक्तवाहिन्यांतच फुटू लागतात. मोकळं झालेलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडांवर आदळतं, रक्तदाब कोसळतो. काही मिलिलिटर रक्तानेही हे सुरू होऊ शकतं.

हा अनर्थ टाळणारी तपासणी अवघड नाही, म्हणूनच ती वगळली जाऊ नये असं मला कळकळीने वाटतं. पेशींवर ‘ए’ आणि ‘बी’विरोधी द्रव टाकून पाहणं ही निम्मीच तपासणी. उरलेली निम्मी उलट बाजूने: रुग्णाचं रक्तद्रव घेऊन ते ‘ए’, ‘बी’ आणि ‘ओ’च्या ज्ञात पेशींशी मिसळायचं. यातल्या ‘ओ’ पेशींनीच मुंबईचा हा ‘बॉम्बे गट’ उघड होतो. मग ‘एच’विरोधी द्रवाने खात्री करतात. दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळवून पाहतात त्या क्रॉसमॅचमध्येही विसंगती दिसते. पण तेव्हा रुग्ण बहुधा शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ पोहोचलेला असतो, आणि एवढ्या वेळात दाता आणायचा कुठून?

या गटाची माणसं थोडी आहेत. भाटिया आणि साठे यांनी १९७४ साली मुंबईत साधारण ७,६०० जणांमागे एक असं प्रमाण नोंदवलं. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास मानतात. हे भाटिया पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मुंबईतल्या रक्तगट-संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. परळला केईएमच्या आवारात ती संस्था आजही काम करते आहे.

कागदावर ‘ओ’ असलेल्या आईला ‘एबी’ मूल झालं, तर घरात नको तो संशय शिरतो. बॉम्बे गटाच्या बाईत लपलेलं ‘बी’ जनुक मुलाकडे जातं, बाप ‘ए’ असतो, आणि बापाकडून ‘एच’ही मिळाल्याने मुलात दोन्ही प्रकट होतात. या साध्या आनुवंशिकतेपायी कुणा बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं जाऊ नये.

‘एच’ न बनण्याचा दोष दोन्ही पालकांकडून आल्याशिवाय हा गट प्रकट होत नाही. म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. पालक दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता चारांत एक. त्यामुळे असा रुग्ण सापडला की जाणते रक्तपेढीवाले आधी विचारतात ते त्याच्या सख्ख्या भावंडांविषयी.